नरिमन पॉइंटच्या आधीचे नरिमन

नरिमन पॉइंट हे नाव मुंबईत कधी पाऊल न ठेवलेल्यालाही माहीत असतं. ऑफिसांचे उंच टॉवर, मरीन ड्राइव्हचं टोक, समुद्राकडे पाठ करून सेल्फी काढणारी पोरं. पण हे नरिमन कोण, असं माझ्या वयाच्या कुणालाही विचारून बघा. बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: असेल कोणी पारशी शेठ, दिली असेल जमीन.

खुर्शेद फ्रामजी नरिमन शेठ नव्हते आणि त्यांनी जमीनही दिली नव्हती. ते ठाण्यात जन्मलेले वकील होते. मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात स्वराज पक्षाच्या बाजूने, म्हणजे सरकारविरोधी बाकावर बसायचे. १९२० च्या दशकात त्यांनी सरकारला ज्या एका विषयावरून सळो की पळो करून सोडलं, तो विषय होता बॅक बेमध्ये समुद्र बुजवून जमीन तयार करण्याची योजना. याच योजनेत अर्धवट सोडलेल्या पाण्यावर पुढे चाळीसेक वर्षांनी भराव पडला आणि त्या भरावाच्या टोकाला विरोध करणाऱ्याचंच नाव मिळालं.

हा किस्सा सांगणारे सहसा इथे हसतात आणि थांबतात. मला त्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात जास्त रस आहे. समुद्राच्या योजनेला एक जुळी बहीण होती, ती म्हणजे कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याची योजना. एकाच गव्हर्नरच्या काळात, एकाच खात्याखाली दोन्ही सुरू झाल्या. खोल्यांसाठी एक नवा करही बसला. एकीची चौकशी झाली, पुस्तकं झाली, खटले झाले. दुसरीत लोक शंभर वर्षं राहिले. ती म्हणजे बीडीडी चाळी.

एक खोली, एक कुटुंब

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा मुंबईची लोकसंख्या बारा लाखांच्या आसपास होती. युद्धात गिरण्यांनी रग्गड नफा कमावला होता. कोकणातून, घाटावरून माणसं येत होती आणि घरं बांधली जात नव्हती. सिमेंट, लोखंड, लाकूड सगळं महागलेलं. भाडी इतकी चढली की सरकारला १९१८ मध्ये भाडेनियंत्रणाचा कायदा आणावा लागला. १९२१ च्या जनगणनेत शहरातले सुमारे दोन तृतीयांश लोक एका खोलीच्या घरात राहत असल्याचं दिसलं. एका खोलीत एकच कुटुंब राहायचं असंही नाही.

हा प्रश्न नवा नव्हता. १८९६ मध्ये प्लेग आला, त्यानंतर १८९८ मध्ये सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टने रुंद रस्ते काढले, दाट वस्त्या पाडल्या, काही चाळी बांधल्या. पण पाडणं सोपं असतं, बांधणं अवघड. ज्यांची खोली रस्त्यात गेली ते शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या खोलीत घुसले. गर्दीची जागा बदलली, गर्दी तीच राहिली.

१९१८ च्या अखेरीस जॉर्ज लॉईड गव्हर्नर म्हणून आले. चाळिशीही न गाठलेला, घाईतला माणूस. मोठं काहीतरी करून दाखवायचं, हे डोक्यात पक्कं. सिंधमधलं सक्करचं धरणही त्यांच्याच काळात मार्गी लागलं. मुंबईसाठी त्यांनी १९२० मध्ये एक वेगळं खातं काढलं, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. यातूनच बीडीडी हे नाव पडलं. खात्याचे प्रमुख होते सर लॉलेस हेपर. नाव खरंच लॉलेस होतं. त्यावर त्या काळी कुणी विनोद केला नसेल असं मला वाटत नाही.

खात्याकडे कामं बरीच होती: उपनगरांत वसाहती आखणं, अंबरनाथला कारखान्यांसाठी जागा तयार करणं वगैरे. पण मुख्य कामं दोन. पहिलं, बॅक बेमध्ये अकराशे एकरांहून जास्त समुद्र बुजवणं. दुसरं, गिरणी कामगारांसाठी ६२५ चाळी बांधून त्यांत ५०,००० खोल्या तयार करणं.

पैसे कुठून आणायचे

बॅक बेचं गणित कागदावर सुंदर होतं. कर्ज काढायचं, भराव टाकायचा, तयार झालेली जमीन चढ्या भावाने विकायची, कर्ज फेडायचं, वर नफा. मुंबईत जागेचे भाव वाढतच राहणार, हे गृहीत धरलेलं. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये आपण आजही हेच गणित वाचतो.

चाळींचं गणित मात्र कागदावरही जमत नव्हतं. त्या वेळच्या बांधकाम खर्चावर व्याज धरून भाडं काढलं तर ते गिरणी कामगाराच्या पगारात बसत नव्हतं. म्हणजे खोली तोट्यातच भाड्याने द्यावी लागणार. तो तोटा भरून काढायला शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर बसवला गेला. कल्पना अशी की गिरण्यांना कामगार हवेत, कामगारांना घर हवं, तर कापूसवाल्यांनी खर्च उचलावा. आपल्या भाषेत सांगायचं तर एका कामासाठी बसवलेला सेस.

आता यातली तारखांची गंमत बघा. १९१९ च्या सुधारणा कायद्याने प्रांतांना नवी कायदेमंडळं मिळणार होती, त्यांत पहिल्यांदा निवडून आलेल्यांचं बहुमत असणार होतं. हे मंडळ मुंबईत १९२१ च्या सुरुवातीला बसलं. विकास खातं, कर्ज, कापसावरचा कर, बॅक बेची मंजुरी हे सगळं १९२० मध्येच उरकलं होतं. लोकांचे प्रतिनिधी सभागृहात येऊन बसेपर्यंत ऑर्डर देऊन झाली होती. त्यांच्या हातात आलं ते फक्त बिल.

सभागृहात काय करता यायचं

आज संसदेत कुणी खासदार जीएसटी आणि घरांच्या किमतींवर बोलला की तीस सेकंदांची क्लिप आपल्या फोनवर येते. आपण वरच्या दोन कमेंट वाचतो आणि पुढे सरकतो. त्या बोलण्याने नक्की काय होतं, हा प्रश्न मला नेहमी पडतो. सरकारकडे बहुमत असतं, मतदान झालं तरी निकाल ठरलेला असतो. मग बोलायचं कशाला?

नरिमन यांच्या सभागृहात तर परिस्थिती याहून वाईट होती. तिथे दुहेरी राज्यपद्धती होती. शिक्षण, आरोग्य अशी काही खाती निवडून आलेल्या मंत्र्यांकडे, तर पैसा, पोलीस, जमीनमहसूल अशी महत्त्वाची खाती ‘राखीव’, म्हणजे थेट गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे. विकास खातंही या राखीव बाजूलाच. कायदेमंडळाने राखीव खात्याच्या खर्चाला कात्री लावली तरी गव्हर्नर आपल्या अधिकारात ती रक्कम परत घालू शकत होता. सरकार पाडता येत नव्हतं. शिवाय मताधिकार मालमत्ता, कर आणि घरभाडं यांवर ठरायचा. ज्या गिरणी कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधायच्या होत्या, त्यांच्यातल्या बहुतेकांना मतच नव्हतं.

विरोधी सभासदाकडे उरायची तीन हत्यारं. लेखी प्रश्न विचारायचा, त्यावर सरकारला उत्तर द्यावंच लागे आणि ते छापलं जाई. बजेटच्या मागण्यांवर बोलायचं. आणि मागणीत कपात सुचवायची, ती टिकणार नाही हे माहीत असताना. तिन्ही हत्यारांचा उपयोग एकच: आकडा बाहेर काढणं. जो आकडा खात्याच्या फायलीत होता, तो सभागृहाच्या छापील वृत्तांतात आला की तो उद्या वर्तमानपत्रात येतो, परवा चौकशीत.

नरिमन काय विचारत होते

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. दिवसाचा बराच वेळ, एखादं काम किती दिवसांत होईल याचा अंदाज देण्यात आणि मग तो अंदाज का चुकला हे समजावण्यात जातो. त्यामुळे बॅक बेची गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा ती इतिहासाची न वाटता ओळखीचीच वाटली.

प्रकार असा. इंग्लंडचे नामवंत बंदर-अभियंते सर जॉर्ज ब्युकॅनन यांनी १९१९ मध्ये योजनेचा आराखडा आणि खर्चाचा अंदाज दिला. वर्षभरात तो अंदाज जवळपास दुप्पट झाला, तरीही काम पुढे रेटलं गेलं. पद्धत अशी होती: आधी समुद्रात दगडांची लांबलचक भिंत बांधायची, मग बंदराच्या तळाची चिकणमाती ड्रेजरने खेचून पाइपातून भिंतीच्या आतल्या बाजूला ओतायची. माती साचत जाईल, पाणी निघून जाईल, जमीन वर येईल.

दोन गोष्टी बिघडल्या. ड्रेजर ठरल्याच्या मानाने फारच कमी माती काढत होता. आणि आत ओतलेल्या मातीतला बराच भाग दगडी भिंतीच्या फटींतून पुन्हा समुद्रात जात होता. एका बाजूने ओतायचं, दुसऱ्या बाजूने वाहून जायचं. खर्च मात्र ओतलेल्या मातीचा लागत होता.

इथे नरिमन यांची कामाची पद्धत कळते. ‘ही योजना साम्राज्यशाहीचं पाप आहे’ असं भाषण ठोकणं सोपं होतं, टाळ्याही पडल्या असत्या. त्यांनी धरले ते कंटाळवाणे मुद्दे: अंदाज कुणी दिला, तो कुणी तपासला, ड्रेजर दिवसाला किती माती काढणार होता आणि किती काढतोय, कंत्राटं कशी दिली, हिशेब कुठे आहेत. याच वेगाने काम चाललं तर ते कधी संपणार आणि तोवर व्याज किती होणार. आमच्या मीटिंगमध्ये असा एक माणूस असतो. तो स्लाइड्स बघत नाही, थेट विचारतो की मागच्या तीन महिन्यांत खरंच पूर्ण झालेलं काम किती. तो कुणालाच आवडत नाही. प्रोजेक्ट वाचला तर त्याच्यामुळेच वाचतो.

सभागृहाबाहेर ‘बॉम्बे क्रॉनिकल’सारखी वर्तमानपत्रं हा विषय लावून धरत होती. तोवर जागेचे भावही पडले होते. युद्धानंतरची तेजी १९२२-२३ च्या सुमारास ओसरली, गिरण्या मंदीत गेल्या. समुद्रातून वर येणाऱ्या महागड्या जमिनीला गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न आता फक्त विरोधकांचा राहिला नव्हता. लोक योजनेला ‘लॉईड्स फॉली’, म्हणजे लॉईडसाहेबांचा मूर्खपणा म्हणू लागले. लॉईड तोवर मुंबई सोडून गेले होते.

१९२६ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. अध्यक्ष अलाहाबाद उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर ग्रिमवूड मीअर्स. सदस्यांमध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या होते. इंजिनियरिंगला गेलेल्या प्रत्येकाला ज्यांच्या वाढदिवशी, १५ सप्टेंबरला, अभियंता दिनाचे फॉरवर्ड येतात तेच. ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे, म्हणजे आजच्या सीओईपीचे विद्यार्थी, आणि मुंबई प्रांताच्या बांधकाम खात्यात त्यांनी दोन दशकांहून जास्त नोकरी केली होती. नरिमन यांनी समितीसमोर आपले आरोप मांडले. समितीने योजनेची आखणी आणि अंमलबजावणी या दोन्हींवर टीका केली. शेवटी आठपैकी चारच भाग पूर्ण करायचे ठरलं. अकराशेहून जास्त एकरांच्या जागी हाती लागले सुमारे ४४० एकर, आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग लष्कराने घेतला.

हे सगळं फुकट झालं नाही. खात्यातल्या हार्वी नावाच्या अधिकाऱ्याने नरिमन यांच्यावर बदनामीचा फौजदारी दावा लावला. सभागृहात बोललेल्या शब्दाला कायद्याचं संरक्षण असतं, बाहेर बोललेल्याला नसतं. जी गोष्ट आत प्रश्न म्हणून विचारता येते, ती बाहेर सिद्ध करावी लागते. नरिमन निर्दोष सुटले. त्या खटल्याने त्यांचं नाव घराघरात पोचलं आणि लोक त्यांना ‘वीर नरिमन’ म्हणू लागले. चर्चगेटच्या रस्त्याला आज हेच नाव आहे.

आणि चाळी?

माझं ऑफिस लोअर परळला आहे, एका जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. स्टेशनवरून उतरलं की ना. म. जोशी मार्ग लागतो, पूर्वीचा डिलाइल रोड. त्या रस्त्यावर बीडीडी चाळी आहेत. ऑफिसला जाताना मी त्यांच्याकडे कित्येक दिवस ‘जुन्या बिल्डिंगा’ एवढ्याच नजरेने बघत होतो.

एका चाळीत तळमजला आणि वर तीन मजले. प्रत्येक मजल्यावर मधून जाणारा पॅसेज, दोन्ही बाजूंना मिळून वीस खोल्या, संडास सामायिक. एका चाळीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची. काँक्रीटची इमारत ही तेव्हा नवलाईची गोष्ट होती. पण काँक्रीटमधला तो लांब अंधारा पॅसेज आणि दोन्ही बाजूंची दारं बघितली की घरापेक्षा बराकच आठवते.

या चाळी वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी अशा चार ठिकाणी उभ्या राहिल्या. ठरल्या होत्या ६२५, झाल्या २०७. खोल्या ठरल्या होत्या ५०,०००, झाल्या सोळा हजारांच्या आसपास. आणि यातली सगळ्यांत विचित्र गोष्ट अशी की घरांची इतकी ओरड असलेल्या शहरात यांतल्या कित्येक खोल्या रिकाम्या राहिल्या. वरळीत तर जास्तच.

का? कारण वरळी तेव्हा गावाबाहेर होती. गिरणीचा भोंगा पहाटे वाजायचा, कामगाराला चालत जाता येईल अशीच खोली हवी असायची. शिवाय त्याची उधारी वाण्याकडे, जेवण खाणावळीत, गाववाल्यांची खोली लालबाग-परळमध्ये. नोकरी गेली तर पुढचा महिना निभावतो तो याच गोतावळ्यावर. सरकारी खोलीत हे काही नव्हतं. होतं ते महिन्याच्या महिन्याला रोख मागितलं जाणारं भाडं. तोट्यात दिलेलं असलं तरी ते त्याच्या खिशाला जड होतं. त्यातच मंदी. १९२५ मध्ये गिरणीमालकांनी पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली आणि कामगार संपावर गेले. संप तीन महिने चालला. डिसेंबरमध्ये सरकारने कापडावरचा अबकारी कर थांबवला, तेव्हा मालकांनी कपात मागे घेतली.

हा अबकारी कर लँकेशायरच्या मालाला इथली स्पर्धा नको म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लादलेला होता. तो जावा म्हणून भारतीय सभासद वर्षानुवर्षं बोलत होते. शेवटी तो गेला, पण दीड लाखाच्या आसपास कामगार तीन महिने उपाशी राहिल्यावर. कराची चर्चा आपण टक्क्यांत करतो. तो शेवटी कुणाच्या ताटातून जातो हे असं दिसतं. कापसाच्या गाठीवरचा रुपयाही कागदावर व्यापाऱ्याने भरायचा होता. पण धंदा बसला की मालक खर्च कापतो तो आधी मजुरीतूनच.

रिकाम्या चाळी बघून सरकारने काय निष्कर्ष काढला? घरांची मागणीच नाही, पुढचं बांधकाम थांबवा. आणि विरोधी बाकांवरूनही या निष्कर्षाला धक्का लागला नाही. विरोधकांच्या हिशेबात चाळीही त्याच उधळपट्टीचा एक आकडा होत्या. बॅक बेत पैसा बुडाला, चाळींत पैसा बुडाला, थांबवा.

मला इथे अडखळायला होतं. नरिमन यांचा प्रश्न बरोबर होता. पैसा वाया जात होता, थांबवायला हवा होता, थांबला. पण समुद्राच्या बाबतीत थांबणं हे उत्तर होतं. घरांच्या बाबतीत ते उत्तर नव्हतंच. खोल्या रिकाम्या आहेत याचा अर्थ लोकांना घर नको असा होत नाही. चुकीच्या जागी, चुकीच्या भाड्याने, चुकीच्या आकाराचं घर बांधलं असा होतो. मग कुठे बांधायचं, केवढं, कोणत्या भाड्याने, हा पुढचा प्रश्न होता. तो सभागृहात जोर धरून विचारला गेला नाही. कारण तो ज्यांचा होता त्यांना मत नव्हतं. कर भरणाऱ्याला सभागृहात आवाज होता, भाडं भरणाऱ्याला जवळपास नव्हता.

ज्यांचं नाव त्या रस्त्याला आहे, ते नारायण मल्हार जोशी कामगारांच्या बाजूने दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात बोलत होते. पण तेही निवडून आलेले नव्हते, सरकारनियुक्त होते. कामगारांचा प्रतिनिधी कामगारांनी निवडायचा, ही सोयच नव्हती. मुंबईच्या नकाशावर ही दोन नावं मला आता एकत्र दिसतात: टोकाला नरिमन, मधोमध जोशी. एक कर भरणाऱ्यांचा हिशेब मागणारा, दुसरा राबणाऱ्यांची बाजू मांडणारा. त्या काळात हे दोन प्रश्न एकाच भाषणात क्वचितच आले.

रिकाम्या खोल्या कशा भरल्या

१९३० मध्ये कायदेभंगाची चळवळ पेटली. तुरुंग अपुरे पडले तेव्हा सरकारने वरळीच्या चाळींचा तात्पुरता कारागृह म्हणून वापर केला. कामगारांसाठी बांधलेल्या खोल्यांत सत्याग्रही कोंडले. मुंबई काँग्रेसचे एक मुख्य पुढारी असलेल्या नरिमन यांनाही त्या काळात तुरुंगवास झाला.

पुढे शहर वाढत वाढत वरळीपर्यंत आलं आणि खोल्या भरल्या, इतक्या की एका खोलीत दोन-दोन पिढ्या मावेनाशा झाल्या. या चाळींनी आंबेडकरी चळवळ पाहिली, संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे पाहिले, १९७४ ची वरळीची दंगल पाहिली, १९८२ चा गिरणी संप पाहिला. गिरण्या गेल्या तरी चाळी राहिल्या. १६० चौरस फुटांची खोली ज्या काळात ‘कामगाराला पुरेशी’ ठरवली गेली, तो काळ संपून तीन-चार पिढ्या झाल्या. खोली तेवढीच राहिली.

नरिमन यांचा शेवट आनंदाचा नाही. १९३५-३६ मध्ये ते मुंबईचे महापौर होते. १९३७ मध्ये काँग्रेस निवडणूक जिंकली तेव्हा प्रांताचे पंतप्रधान तेच होतील असं अनेकांना वाटत होतं. निवड झाली बाळासाहेब खेरांची. नरिमन यांनी सरदार पटेलांवर आरोप केला, प्रकरण गांधीजींपर्यंत गेलं, निर्णय नरिमन यांच्या विरोधात लागला आणि काँग्रेसमधलं त्यांचं स्थान संपलं. आयुष्यभर दुसऱ्यांकडे पुरावे मागणाऱ्या माणसाला या वेळी आपला आरोप सिद्ध करता आला नाही. १९४८ मध्ये ते गेले.

साठ-सत्तरच्या दशकांत राज्य सरकारने बॅक बेचा भराव पुन्हा हाती घेतला. या वेळी टॉवर उभे राहिले. भूखंड ज्या पद्धतीने आणि ज्या भावाने दिले गेले त्यावरून पुन्हा वाद झाला आणि पिलू मोदी हे विरोधी खासदार, जे स्वतः आर्किटेक्ट होते, उच्च न्यायालयात गेले. पन्नास वर्षांनी, त्याच समुद्रावरून, पुन्हा एका विरोधी पारशी खासदाराचा तोच सवाल: हिशेब दाखवा.

आत्ता

वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या चाळींचा पुनर्विकास म्हाडा करत आहे. शिवडीच्या चाळी पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर असल्याने त्या यात नाहीत. १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर, मालकी हक्काने. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. मोकळ्या होणाऱ्या जागेत विक्रीसाठी टॉवर उभे राहतील आणि त्यातून पुनर्विकासाचा खर्च निघेल. म्हणजे जुन्या दोन्ही योजना आता एक झाल्या आहेत: जमीन महाग विकायची आणि त्या पैशातून घरं बांधायची. लॉईडसाहेबांना हे गणित आवडलं असतं.

ते जमेलही. जमावं असंच मला वाटतं. १६० फुटांत चार पिढ्या काढलेल्यांना ५०० फूट मिळत असतील तर त्यावर नाक मुरडायचा हक्क मला नाही. पण नरिमन यांचे कंटाळवाणे प्रश्न इथेही लागू आहेत: अंदाज कुणी तपासला, काम ठरल्या वेगाने चाललंय का, विक्रीचे भाव पडले तर काय. आणि त्यांनी न विचारलेला प्रश्नही. चाळीसेक मजल्यांच्या इमारतीचा देखभाल खर्च महिन्याला किती येणार आणि तो चाळीतल्या कुटुंबाला दहा वर्षांनीही झेपणार का? झेपला नाही तर ते घर विकून कुठे जातील, डोंबिवलीला की विरारला? १९२५ मध्ये वरळीची खोली रिकामी राहिली ती अशाच एका आकड्यामुळे, महिन्याच्या भाड्यामुळे.

विधिमंडळाची कामकाजं आता ऑनलाइन मिळतात, प्रश्नोत्तरांसह. वाचायला कंटाळा येतो, खोटं कशाला बोला. भाषणाची क्लिप बघणं सोपं असतं, पण पुराव्याचा आकडा सहसा त्या क्लिपमध्ये नसतो. तो लेखी उत्तराच्या कुठल्यातरी तक्त्यात असतो. पुढच्या अधिवेशनात आपल्या आमदाराने घरांबद्दल काय विचारलं, एवढं एकदा शोधून बघा. उत्तरात आकडा असेल तर तो जपून ठेवा. काही विचारलंच नसेल, तर निदान तेवढं तरी कळेल.